आडवी बाटली

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



समितीने मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली. एआयमुळे आपल्या पोरांच्या नोकऱ्या राहतील का, यावर पंधरा मिनिटं बोल." खरं सांगू का, मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं ते म्हणतात, त्यांनाही माहीत नसावं असा मला संशय आहे. म्हणून मी विषय बदलून मागितला. मला जे नक्की माहीत आहे तेच सांगते. मी दारू कशी सोडली, आणि त्यासाठी घरातलं काय काय हलवलं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हो, मीच. आठवी ते दहावी वर्गाची मॉनिटर, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारी. बाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्यासमोर हे बोलायला मला सकाळपासून धडधडतंय. पण आपल्या ग्रुपवर गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. सकाळी आपल्यातल्या एकाच्या यकृताचा रिपोर्ट, 'प्रार्थना करा' म्हणून. आणि संध्याकाळी, 'मेळाव्यानंतर कुठे बसायचं?' दोन्हींखाली तेच हात जोडलेले आणि तेच ग्लास भिडवलेले. तेव्हा ठरवलं की बोलायचं.

माझी सुरुवात अगदी साधी. इंजिनिअरिंगला असताना कधी घेतली नाही. नोकरीत टीमबरोबर, परदेशी गेल्यावर क्लायंटबरोबर, लग्नानंतर शनिवारी नवऱ्याबरोबर. २०१९ला बाबा गेले. मग २०२०चा मार्च आला आणि ऑफिस घरात आलं. त्या मे महिन्यात राज्य सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली. त्याआधी माझं पिणं ज्या एका गोष्टीने आवरून धरलं होतं ती म्हणजे लाज. बाईमाणसाने वाइन शॉपच्या काउंटरला उभं राहायचं, रांगेतल्या सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग तिच्या हातातल्या काळ्या पिशवीकडे बघायचं. आता पिशवी वॉचमन वर आणून देऊ लागला. दुकानाचा नंबर मी फोनमध्ये 'लाँड्री २' या नावाने ठेवला होता. 'लाँड्री १' खरंच लाँड्री होती. एकदा नवऱ्याने शर्टासाठी चुकीच्या लाँड्रीला फोन केला, आणि तो प्रसंग आमच्या घरी अजून कुणी काढत नाही.

२०२२ संपेपर्यंत रोजचं झालं होतं. काम चालू होतं, बढतीसुद्धा झाली. म्हणून मला वाटायचं, माझं तसं काही नाही. दर सोमवारी सोडायचे आणि बुधवारी नाही तर गुरुवारी पुन्हा. सोडताना शपथ मात्र मोठी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एकदा घेतली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ती शपथ चार दिवस टिकली. त्यानंतरचा जो आठवडा गेला तो मी इथे सांगणार नाही.

शेवटी मी आपल्याच वर्गातल्या एका मित्राला फोन केला. त्याने आधी सोडलेली होती. मला वाटलं, तो धीर देईल. तो म्हणाला, "डॉक्टरकडे गेलीस का? उद्यापासून एकदम बंद, असलं काही करू नकोस." हे मला माहीतच नव्हतं, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नसेल, म्हणून इथे थांबून सांगते. जो माणूस रोज आणि भरपूर पितो त्याने एकाएकी थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं आणि भास होणं इथपर्यंत जाऊ शकतं. जिवावरही बेततं. त्यावर औषधं आहेत, आणि ती देऊन सुखरूप थांबवता येतं. म्हणून पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञ, निश्चय नंतर. लाज वाटत असेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत नंबर आहे, तिथून सुरुवात करा.

डॉक्टरांनी औषधं दिली, आणि एक काम दिलं. पिण्याची इच्छा झाली की लिहून ठेवायचं. किती वाजले, कुठे होतीस, आधी काय झालं, पोटात काय होतं. आता हे काम माझं आवडतं. प्रोग्रॅम कोलमडला की आपण प्रोग्रॅमला शिव्या देत नाही, लॉग उघडतो. मी एक्सेल शीट केली. सहा आठवड्यांनी ती बघितली तर माझ्या दुःखाचा, स्वभावाचा, बाबांच्या जाण्याचा त्यात कुठे पत्ता नव्हता. होतं ते असं: जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळातल्या. त्यातल्या बहुतेक सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या, कारण तिथून भिंतीवरचं कपाट दिसायचं. दुपारी एकला जेवण, त्यानंतर फक्त चहा. अमेरिकेचा कॉल संपल्यावर दहा मिनिटांत. आणि एक रकाना कोरा होता. आईच्या घरी एकही नोंद नाही. आई अजून नागरी निवाऱ्यात आहे, माझ्या इमारतीपासून चालत वीस मिनिटं. तिथे मी तीन-तीन तास बसायचे आणि मनात येतसुद्धा नव्हतं.

म्हणजे मी तीच, मन तेच, आणि वीस मिनिटांवर तलफ गायब. हे मला चक्रावून गेलं. वाचायला लागले तेव्हा कळलं की हे कोडं जगात आधीच पडून गेलेलं आहे. १९७१मध्ये व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेत होते. पाचातला एक तर स्वतःच कबूल करत होता की आपल्याला त्याचं व्यसन लागलंय. सरकार घाबरलं, ही सगळी पोरं परत आली तर काय? ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले शंभरात साधारण पाच. लोकांचा विश्वासच बसेना. त्याची कारणं अनेक सांगितली जातात, पण एक तर उघड आहे. ज्या छावणीत, ज्या सोबत्यांबरोबर, ज्या भीतीत ती सवय लागली, ते सगळं विमानात बसताना मागे राहिलं.

आपली अडचण अशी की आपलं व्हिएतनाम आपल्याच हॉलमध्ये आहे. ज्या सोफ्यावर सवय लागली त्याच सोफ्यावर बसून ती सोडायची. विमान येणार नाही. मग निदान सोफा तरी हलवायचा.

आपल्याकडे हे ज्यांनी फार आधी ओळखलं त्या डॉ. अनिता अवचट. १९८६मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि त्यातून ते केंद्र उभं राहिलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिथलं वेळापत्रक. पाच आठवडे राहायचं. उठणं, योग, सफाई, गटात बसून बोलणं, जेवण, सगळं घड्याळावर. माणसाला 'रुग्णमित्र' म्हणायचं. आणि घरच्यांनाही बोलवायचं, बायकांचे वेगळे गट करायचे, कारण माणूस सुधारून ज्या घरात परत जाणार ते घर तसंच राहिलं तर पाच आठवडे वाया. मी तिथे दाखल झाले नव्हते, माझ्या डॉक्टरांना त्याची गरज वाटली नाही. पण ते वेळापत्रक मी माझ्या घरात चोरून आणलं.

पहिलं गेलं ते कपाट. आमच्या इंटिरिअरवाल्याने हौसेने केलेलं होतं, काचेचं दार, आत पिवळा दिवा. घरात आल्या-आल्या नजर तिथेच. देवघरालासुद्धा एवढा उजेड नव्हता. सुताराला बोलावून ते काढलं. भिंतीला चार भोकं राहिली, ती अजून आहेत. नवरा म्हणतो रंग मारून घेऊ, मी म्हणते राहू दे.

कपाट निघालं, पण बाटल्यांचं काय? इथे खरं भांडण झालं. नवरा शनिवारी दोन घेतो, तिसरी कधी घेत नाही. त्याचं म्हणणं, "त्रास तुला आहे. मी का सोडायची?" त्याचं चुकत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "घरात असूनही हात लावला नाही, तर ती खरी सोडली. दडवून ठेवून सोडली त्यात काय मोठं?" हे आपल्या सगळ्यांच्या मनात असतं. विरक्ती म्हणजे समोर लाडू ठेवून न खाणं. मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्हाला डायबेटीस निघाला तेव्हा आपण श्रीखंडाचा डबा फ्रिजमध्ये पुढे ठेवला होता का?" त्या गप्प झाल्या. माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत ते वेगळं.

तोडगा लेकीने काढला. शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंनी त्यांना आडव्या बाटलीबद्दल सांगितलं होतं. महाराष्ट्रात एखाद्या गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर तिथल्या बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. गावात झालेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. किती बायका मजुरी बुडवून, नवऱ्याचा मार चुकवून त्या मतदानाला गेल्या असतील. गडचिरोलीत तर लोकांनी चळवळ करून १९९३मध्ये अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी आणली. बंदीने दारू पूर्ण थांबते का यावर वाद आहेत, चंद्रपूरला २०१५मध्ये आणलेली बंदी २०२१मध्ये उठलीसुद्धा. पण त्या बायकांना जे कळलं होतं ते मला दोन डिग्रीच्या वह्या भरून कळलं नव्हतं. नवऱ्याला उपदेश करून दमल्यावर त्या नवऱ्याच्या वाटेवरचं दुकान हलवायला निघाल्या.

तर लेकीने वहीचा कागद फाडून चार मतपत्रिका केल्या. डबा फिरवला. तीन आडव्या निघाल्या, एक उभी. उभी कुणाची हे सगळ्यांना कळलं, कारण त्याने सहीसारखी टिकमार्क केली होती. त्याने निकाल मानला, तेवढं मात्र मी जन्मभर लक्षात ठेवेन. तो आता घेतो ती बाहेर, मित्राकडे, आणि घरात आल्यावर आधी आंघोळ करतो.

बाकीचं पटापट सांगते. काचेचे ग्लास बहिणीला दिले. कारण त्यांत पाणीसुद्धा ओतलं तरी हात वेगळा धरला जायचा. सोफा फिरवला. 'लाँड्री २' नंबर उडवला आणि वॉचमनला खाली जाऊन सांगितलं की माझ्या नावाची पिशवी वर आणायची नाही. हे सांगायला मला पाच दिवस लागले. तो म्हणाला, "बरं झालं, मॅडम." एवढंच. म्हणजे सगळ्या इमारतीत पहिल्यांदा त्याला माहीत होतं.

येण्याचा रस्ता बदलला, त्यात थोडं नशीब होतं. माझं ऑफिस अंधेरीला. रिक्षा मला जिथे सोडायची तिथून दुकान तीस पावलांवर. जानेवारी २०२३मध्ये आपली मेट्रो सात गुंदवलीपर्यंत सुरू झाली आणि मी दिंडोशी स्टेशनच्या पलीकडच्या जिन्याने उतरू लागले. चार मिनिटं जास्त चालते. त्या चार मिनिटांचं मोल मला विचारा.

साडेसहाला खाते. उपमा, पोहे, भडंग, काहीही, पण पोटभर. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांमध्ये चार गोष्टी सांभाळायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, एवढ्या मोठ्या रोगावर पोह्यांचा इलाज! पण माझ्या शीटमधल्या निम्म्या नोंदी त्या बशीभर पोह्यांनी पुसल्या. अमेरिकेचा कॉल सकाळी घ्यायला लावला, त्यासाठी मॅनेजरला खरं कारण सांगितलं नाही. सात वाजता चालत आईकडे. सुरुवातीला आईला वाटलं माझं नवऱ्याशी बिनसलंय. आता ती वाट बघते आणि मालिकेत काय झालं ते सांगते. मला ती मालिका कळत नाही.

या वाटेवर चालताना कधीकधी एक गोष्ट मनात येते. आपल्यातले अर्धे अधिक नागरी निवाऱ्यातले. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी लढून हा डोंगराचा तुकडा मिळवला नसता तर आपले आईवडील कुठल्या खोलीत, कुठल्या नाक्यावर राहिले असते, आणि आपण कुणाच्या संगतीत वाढलो असतो? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्याला सरांनी दहा वेळा लिहायला लावली होती. मी तेव्हा ती फक्त बैलांची समजत होते.

हे सगळं जुळवूनही मी एकदा घसरले. आठ महिन्यांनी, बंगळुरूला कंपनीच्या कामासाठी गेले होते. हॉटेलची खोली, रात्रीचे दहा, आणि टीव्हीखाली छोटा फ्रिज. घरात मी सगळं हलवलं होतं, पण ती खोली माझी नव्हती. दुसऱ्या दिवशी विमानतळावर रडले, मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "शीटमध्ये लिहा." लिहिलं: परगाव, हॉटेल, फ्रिज. तेव्हापासून खोली बुक करतानाच फोन करून सांगते, फ्रिज रिकामा करून ठेवा. पलीकडचा मुलगा "शुअर मॅम" म्हणतो. त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. त्यानंतर नाही घेतली. या नोव्हेंबरला दोन वर्षं होतील.

सोफा हलवला म्हणून दुःख हललं असं नाही. बाबांचं जे राहिलं होतं ते समुपदेशकाबरोबर बसून वेगळं बोलावं लागलं, अजून बोलते. पण तलफ ही लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसेल, चपला घालून, जिना उतरून, रस्ता ओलांडून जावं लागणार असेल, तर खूपदा चपला घालेपर्यंतच ती ओसरलेली असते.

आता त्या मित्राचं. त्याची परवानगी घेतली आहे. २०१५चा आपला वीस वर्षांचा मेळावा आठवतो ना, रिसॉर्टवरचा? त्याने सोडून तेव्हा चार महिने झाले होते. आपल्याला त्याने सांगितलं नव्हतं. त्याने लिंबूसरबत मागितलं. आपण सगळ्यांनी टेबल बडवत त्याचं नाव घेतलं, "एक, एक, एक." तो हसत नाही म्हणत राहिला. मग कुणीतरी त्याच्या हातात ग्लास दिला. फोटो आहे त्याचा, आपल्या ग्रुपवर दर वर्षी फिरतो. ग्लास देणारा हात तेवढा दिसतो, बांगडी घातलेला. तो माझा आहे.

त्याला पुन्हा थांबायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. ते मला कळलं आठ वर्षांनी, मी मदत मागायला फोन केला तेव्हा. तोवर त्याने एक शब्द काढला नव्हता. मी माफी मागितली तर म्हणाला, "तू एकटी थोडीच होतीस. पण म्हणून मी मेळाव्याला येत नाही."

मी सहा आठवडे शीट भरली आणि माझ्या भोवतीचं कपाट, रस्ता, फोन, सोफा सगळं तपासलं. मी स्वतः कुणाच्या शीटमध्ये आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या शीटमध्ये 'ठिकाण' या रकान्यात आपण आहोत. आपली तुकडी.

म्हणून या वेळी समितीकडे मी हट्ट धरला की आजच्या कार्यक्रमात दारू नको, नंतरसुद्धा आपल्या नावाने 'बसणं' नको. त्यावरून ग्रुपवर काय काय बोललं गेलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. 'आता काय कीर्तन ठेवणार का' असंही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आपापली कधीही घ्यावी, मी कुणाच्या घरी मतपत्रिका घेऊन येणार नाही. एवढंच मागते, कुणी सरबत मागितलं तर 'का' विचारू नका. ग्लास भरून द्या आणि पुढच्या विषयावर या.

तो आज आला आहे. कुठे बसला आहे ते सांगत नाही. माना वळवू नका.

आणि समितीतल्या कुणीतरी घड्याळ दाखवतंय. साडेसहा होऊन गेले आहेत, म्हणजे तसंही मला आता खायला हवं. मागच्या टेबलावर बटाटेवडे आहेत, कोकम सरबत आहे. वडे गरम आहेत तोवर चला.